तिया कोन्सोर्सियाच्या घराखालचा पेसो

होनोरातो ओपियानाच्या काचेच्या पेटीत दहा खाचा होत्या आणि नाणी होती नऊ. अमेरिकन अमदानीतले चांदीचे पेसो, एकोणीसशे तीनपासून बारापर्यंत, दर सालचा एक. एका अंगाला गरुड, दुसऱ्या अंगाला हातोडा घेऊन ऐरणीपाशी उभी असलेली बाई, आणि बाईच्या मागे धूर सोडणारा मायोन डोंगर. सान रोके गावात कुठल्याही खिडकीतून मान बाहेर काढली की तोच डोंगर दिसतो, त्यामुळे गावाला त्या नाण्यांचं कौतुक शून्य. "जो डोंगर फुकट दिसतो तो नाण्यावर कशाला बघायचा?" असं त्याची बायको बेनिल्दा विचारी, आणि होनोरातो पंचवीस वर्षं उत्तरादाखल पेटीची काच पुसत आला होता.

रिकामी खाच होती सहा सालची. त्या साली चांदीचा भाव असा काही चढला की नाणं खर्चण्यापेक्षा वितळवणं परवडू लागलं. सरकारने घाईघाईने नाणी मागे घेतली आणि आटवून टाकली. सहा सालचे पेसो जेमतेम काही बाहेर पडले, आणि जे पडले ते नंतर कुणाला फारसे दिसले नाहीत.

आता होनोरातो हा हायस्कुलात अकरा वर्षं उपमुख्याध्यापक होता आणि उपमुख्याध्यापक म्हणूनच निवृत्त झाला. ज्याच्या नावामागचा 'उप' शेवटपर्यंत गळाला नाही, त्याला अपुऱ्या गोष्टी जरा जास्तच टोचतात. दर वर्षी जत्रेच्या दिवशी तो ती पेटी नगरभवनात मांडे, आणि दर वर्षी दातांचे डॉक्टर ओदियामार येऊन बरोबर त्या खाचेवर बोट ठेवत.

"सर, पुढचा दात अजून आला नाही वाटतं?" ते चार लोकांत विचारत. "म्हणाल तर खोटा बसवून देतो."

लोक हसत. डॉक्टरांच्या स्वतःकडे तीनच पेसो होते, पण ज्याच्या हाती चिमटा त्याच्या विनोदाला गाव हसतंच. कुणाची दाढ कधी दुखेल, सांगता येतं का?

अशात एका रविवारी बेनिल्दाच्या मावशीकडे, तिया कोन्सोर्सियाकडे, जेवण होतं. तिया शहाऐंशी वर्षांची, अकरा भावंडांतलं शेंडेफळ. बापाने बांधलेल्या लाकडी घरात ती वरच्या मजल्यावर राही. घर एका बाजूला कललं होतं, त्याबरोबर जिना कलला होता, आणि त्या जिन्याला भिऊन चार वर्षांत तियाने जमिनीला पाय लावला नव्हता. भाजीवाली, न्हावीण, पाद्री, सगळे वर येत.

अळूची पानं मिरच्या घालून नारळाच्या दुधात शिजवून केलेलं लाइंग होनोरातोच्या ताटात वाढता वाढता तिया म्हणाली, "होनोर, तुला ते जुने पेसो लागतात ना? माझ्या बापाने ह्या घराच्या सहा खांबांखाली एकेक ठेवलाय. घर लाभावं म्हणून. लेगास्पीच्या बंदरात अंबाडीचा माल उतरवला आणि तिथूनच कोरे करकरीत आणले म्हणे."

"घर कधी बांधलं, तिया?"

"दारावर कोरलंय की. डोळे आहेत ना तुला?"

दारावर कोरलं होतं: १९०६. होनोरातोच्या घशात मिरची अडकली. ती खाली उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात सगळा बेत शिजून तयार झाला होता.

"तिया," तो डोळे पुसत म्हणाला, "घर फार कललंय हो. खांब बदलायला हवेत."

"बावीस वर्षं कललंय. तुला आज दिसलं?"

"काळजी वाटते, तिया."

बेनिल्दाने नवऱ्याकडे असं पाहिलं की तिला सगळं कळलंय हे त्याला कळावं. पण मावशीचं घर उभं राहणार असेल, तर नवऱ्याच्या पोटात काय आहे ह्याची चौकशी तिला नको होती.

शेजारच्या सेरापियो सुताराने काम घेतलं. सेरापियो हा हाताने जेवढं काम करी त्याच्या दुप्पट तोंडाने करी. खड्डा चंद्र वाढता असतानाच खणायचा, पहिला खांब उगवतीचा, मंगळवारी हत्याराला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक नव्या खांबाला कोंबड्याचं रक्त. त्याच्या अंगणात झुंजीचे चार कोंबडे होते.

"ह्यातला एक दे मग," होनोरातो म्हणाला.

"सर! ते खेळाडू आहेत!" सेरापियो दुखावला. शेवटी कोंबडा बाजारातून आणला. रक्ताचे चार थेंब खांबावर पडले, बाकीचा कोंबडा सेरापियो आणि त्याच्या दोन गड्यांच्या पोटात गेला. खांबाच्या वाट्याला पिसं आली.

पण त्याच्या आधी परवानगीचं घोडं अडलं होतं. सान रोकेत जवळजवळ सगळ्यांची आडनावं 'ओ'वरून. स्पॅनिश गव्हर्नराने पूर्वी आडनावांची यादी करून ती गावोगाव वाटली, आणि आमच्या गावाला ओचं पान आलं. त्यामुळे नगरभवनात वर्णमालेप्रमाणे लावलेली सव्वीस कपाटं आहेत, त्यांतली पंचवीस रिकामी आणि एकाचं दार लागत नाही. त्या कपाटापुढे मिस ओर्बे बसते. ती होनोरातोचीच विद्यार्थिनी.

"घर किती जुनं, सर?"

"शंभरावर."

"मग तो वारसा झाला. हलवायचं तर मनिलाची परवानगी."

"मी हलवत नाही, सरळ करतोय."

"हलवल्याशिवाय सरळ कसं होईल, सर? नववीत तुम्हीच शिकवलंय."

शिकवलेलं असं अंगावर येईल हे माहीत असतं, तर होनोरातोने नववीचा वर्ग घेतलाच नसता. तिने फॉर्म पुढे केला. त्यात रकाना होता: कामाचा हेतू. होनोरातो तोंडाने थोडंफार खोटं बोलू शके, पण छापील रकान्यात खोटं लिहिणं त्याच्या पेशाला शोभत नव्हतं. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: खांब बदलणे व खांबाखालील नाणे मिळवणे.

मिस ओर्बेने ते दोनदा वाचलं. "नाणं जमिनीत आहे?"

"हो."

"म्हणजे गुप्तधन. त्याचा फॉर्म वेगळा." हा फॉर्म चार पानी होता. तिसऱ्या पानावर विचारलं होतं: अपेक्षित सोने, किलोमध्ये.

होनोरातोने शून्य लिहिलं.

"सर, शून्य कसं चालेल? शून्यासाठी कोण खणतं?"

"मी खणतो!" होनोरातो ओरडला, आणि रांगेतल्या सतरा जणांनी माना वळवल्या.

आता आमच्याकडे एक गोष्ट आहे. लढाईत पळताना जपान्यांनी सोनं पुरून ठेवलं, आणि ते आपल्याच गावात पुरलं, अशी ह्या देशातल्या प्रत्येक गावाची खात्री आहे. होनोरातो नगरभवनातून रिक्षाने घरी पोचायच्या आत बातमी पोचली. रिक्षावाल्याने उतरताना हळूच विचारलं, "सर, खणायला माणूस लागला तर? मी तोंड बंद ठेवतो." आणि हे तो एवढ्या मोठ्याने बोलला की समोरच्या दुकानातल्या बाईनेही तोंड बंद ठेवायची तयारी दाखवली.

मनिलाचं उत्तर तीन महिन्यांनी आलं. दुरुस्ती करावी, मूळ लाकूड शक्य तितकं राखावं. गुप्तधनाच्या अर्जाबद्दल एकच ओळ होती: अपेक्षित सोने शून्य असल्याने अर्ज विचारार्ह नाही.

होनोरातोने ते पत्र तियाच्या दारावर चिकटवलं, म्हणजे लोकांचा संशय फिटेल. झालं उलटं. "सरकारच सोनं नाही म्हणतंय," सेरापियो डोळे बारीक करून म्हणाला, "म्हणजे बघा!"

काम सुरू झालं त्या सकाळी तियाच्या अंगणात अर्धं गाव होतं. भाजलेल्या केळ्यांची गाडी लागली. जमिनीतलं सोनं हुडकायची पितळी काडी घेऊन कुणी पाहुणा आला होता, ती काडी तो जिथे नेई तिथे थरथरे, त्यात केळ्यांची गाडीही आली. गावचे प्रमुख, कापितान लुदोविको ओलिवा, खुर्ची टाकून बसले आणि दोन रखवालदार उभे करून त्यांनी जाहीर केलं, "निघेल त्यात गावाचा वाटा आहे. कायदा आहे."

"कुठला कायदा, कापितान?" होनोरातोने विचारलं.

"तो बघतोय मी."

जीप दुरुस्त करणाऱ्याकडून चार जॅक आणले होते. तियाला खाली आणायला बेनिल्दा वर गेली आणि एकटीच परत आली.

"नाही म्हणते. चार वर्षांत जिना उतरले नाही, ती आता खड्डा बघायला उतरू का, म्हणते."

तेव्हा तियासकट घर उचलायचं ठरलं. सेरापियोने जॅक फिरवला, घर कण्हलं, वर बश्या वाजल्या, आणि खिडकीतून तियाचा आवाज आला, "होनोर! संत जोसेफ सरकले!"

"कुणीकडे, तिया?"

"खिडकीकडे! बोटभर!"

सेरापियोने लगेच दुसरा जॅक फिरवला. त्याच्याकडे तोल बघायची पाणसळ होती, पण तिच्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं. पुढचे आठ दिवस घराचा तोल कपाटावरची संत जोसेफांची मूर्ती कुठे सरकते ह्यावरून साधला गेला. पाद्रीबाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला नाही. सुतारांचाच संत तो, म्हणाले.

पहिल्या खांबाखाली पेसो निघाला. होनोरातोने भिंग लावलं. तीन साल. असले त्याच्याकडे घरी चार होते.

"सोनं?" कापितानांनी विचारलं.

"चांदी."

अंगणातून असा निःश्वास निघाला की केळीवाल्याचा विस्तव फुलला.

"काय निघालं?" तियाने वरून विचारलं.

"पेसो, तिया!"

"पूस आणि परत ठेव. नव्या खांबाखाली."

होनोरातोने ठेवला. त्याला त्यात अवघड काही वाटलं नाही. तीन सालचाच तर होता.

दुसऱ्या खांबाखाली वाळवीशिवाय काही नव्हतं. तिसऱ्याखाली बालराजाचं डोकं असलेलं स्पॅनिश नाणं निघालं. "म्हणजे बापाने जुन्या राजवटीची मोडही खपवली," तिया कौतुकाने म्हणाली. चौथ्याखाली पुन्हा तीन साल. दर खेपेला गर्दी एका पावलाने पुढे येई आणि नाणं पाहून दोन पावलं मागे जाई. होनोरातोचे जुने विद्यार्थी कुंपणावर बसून ओरडत, "सर, उत्तर चुकलं! पुन्हा सोडवा!" अकरा वर्षांत ह्यांच्यापैकी एकालाही त्याने नापास केलं नव्हतं, आणि आता त्याला त्याचा मनापासून पश्चात्ताप होत होता.

पाचव्या दिवशी सेरापियो जेवणानंतर एक जॅक जरा जास्तच फिरवून बसला. घर बावीस वर्षं डावीकडे कललं होतं, ते उजवीकडे कललं. तियाच्या खोलीचं दार चौकटीत घट्ट बसलं आणि तिया आत अडकली. बेनिल्दा रडायला लागली, कापितानांनी अग्निशामक दल बोलवायचा हुकूम सोडला, आणि होनोरातोच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्राचा मथळा उभा राहिला: निवृत्त शिक्षकाने मावशीस घरासकट पाडले. माणसाच्या हातून एकच पाप घडावं आणि तेही त्याच्या आडनावासकट छापून यावं, ह्यापरती अब्रू जाणं नाही.

तिया मात्र खिडकीत आली. तिने टोपलीला दोर बांधून खाली सोडली. "आधी कॉफी पाठवा," ती म्हणाली. "मग दार उघडा. घाई नाही." दार संध्याकाळी उघडलं. तोवर टोपलीतून कॉफी, तांदळाचे वाफवलेले पुतो, खेळायला पत्ते आणि बेनिल्दाचं सांत्वन करणारी एक चिठ्ठी अशी वाहतूक सुरू होती.

पाचव्या खांबाखाली कोटाचं पितळी बटण निघालं. तियाच्या बापाच्या सुताराने पेसो लांबवून शंभर वर्षांपूर्वीच हिशेब मिटवला होता. सेरापियोने आपल्या व्यवसायाच्या अब्रूसाठी घसा खाकरला आणि विषय बदलला.

सहाव्या खांबापर्यंत केळ्यांची गाडी निघून गेली होती. काडीवाला पाहुणा दुसऱ्या गावी गेला होता. कापितान होते, पण झोपले होते. होनोरातो आंब्याच्या झाडाखाली पाय पसरून बसला होता, आणि गंमत म्हणजे त्याचं लक्ष नाण्याकडे नव्हतं. तो घराकडे बघत होता. घर सरळ दिसत होतं. पाच खांबांवर ते असं उभं होतं की जणू कुणी त्याला वर्गात नाव घेऊन उभं केलंय.

"सर," खड्ड्यातून सेरापियो म्हणाला, "हे बिस्किटासारखं काय आहे? काळंकुट्ट. थांबा, राखेने घासतो."

"हात लावू नकोस!"

जुनं नाणं घासणं म्हणजे त्याचा जीव घेणं. होनोरातो धावला. एकसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या पँटीत, चार फूट खोल चिखलात त्याने उडी घेतली. पँट मागून फाटली, आणि तो आवाज कुंपणावर बसलेल्या तीन विद्यार्थ्यांनी स्पष्ट ऐकला. पण राखेची मूठ आणि नाणं ह्यांच्या मधे होनोरातोचा तळहात वेळेवर पोचला होता.

त्याने भिंग लावलं. गरुड. गरुडाखाली साल. एक, नऊ, शून्य, सहा. सालाच्या शेजारी सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा बारीकसा एस.

त्याने भिंग पुसून पुन्हा तेच चार आकडे वाचले.

"काय झालं?" बेनिल्दा काठावर आली. "चावलं का काही?"

"सहा," तो म्हणाला. "बेनिल्दा, सहा साल."

कापितान जागे झाले, वाकून त्यांनी नाणं पाहिलं. "ह्यापेक्षा ते बटण चकाकत होतं," म्हणाले, आणि खुर्ची उचलून घरी गेले.

वरून तियाचा आवाज आला. "होनोर, मिळाला का?"

"मिळाला, तिया."

"पूस आणि परत ठेव."

होनोरातो खड्ड्यात उभा राहिला. त्याच्या शर्टाच्या खिशात तीन सालचा एक पेसो होता, तो ताडून बघायला घरून आणला होता. दोन्ही एकाच मापाचे, एकाच वजनाचे. तियाला पाच हातांवरचा माणूस ओळखू येत नव्हता, तिला साल काय दिसणार? सेरापियो मुद्दाम पाठ करून कुदळ पुसू लागला. बेनिल्दा पाठ करून उभी राहिली नाही. तिने नवऱ्याचा हात खिशाकडे जाताना पाहिला, आणि ती बघत राहिली.

हात खिशापाशी थांबला. मग होनोरातो खड्ड्यातून वर चढला आणि चिखलाचे ठसे उमटवत जिना चढून तियापुढे जाऊन उभा राहिला.

"तिया, मला हा पेसो हवाय. पहिल्यापासून हाच हवा होता. खांबांची काळजी मी नंतर करायला लागलो."

तियाने नाणं हातात घेऊन अंगठ्याने चाचपलं. "फार किमती आहे?"

"तुमचं सगळं छप्पर नवं होईल एवढा."

"छप्पर गळत नाही." तिने नाणं मुठीत धरलं. "तुला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं? पेसोचं नाव काढल्यावर घर कललेलं दिसणारा तू पहिलाच जावई. मी म्हटलं, चला, ह्या निमित्ताने तरी खांब होतील."

होनोरातोला बसायला खुर्ची सापडेना.

"खिशात काय आहे तुझ्या?" तियाने विचारलं.

"तीन सालचा. माझा."

"तो ठेव सहाव्या खांबाखाली. म्हणजे ह्या घरात एक खांब तुझा झाला. हा घेऊन जा. पण लोकांना दाखवशील तिथे माझ्या बापाचं नाव लाव. माकारियो ओनयाते. अक्षर मोठं काढ, नाहीतर मी वाचणार कशी?"

"तुम्ही? तुम्ही खाली येणार?"

"जिना सरळ झालाय ना? का तेवढं राहिलं?"

जत्रेच्या सकाळी नगरभवनाच्या दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून तिया कोन्सोर्सिया उतरली. घराचा जिना ती एकेका पायरीला शिव्या देत, पण आपल्या पायांनी उतरली होती. निळा रेशमी झगा, हातात पंखा, एका बाजूला बेनिल्दा, दुसऱ्या बाजूला होनोरातो. गावातल्या कित्येकांनी तिला चार वर्षांत पाहिलं नव्हतं आणि काहींची समजूत होती की ती मागेच वारली. बँडवाल्यांनी वाजवता वाजवता टोप्या काढल्या, त्यामुळे दोन सूर कमी पडले.

पेटीत सहा सालच्या पेसोखाली मोठ्या अक्षरात नाव होतं: माकारियो ओनयाते. पेटीपाशी डॉक्टर ओदियामार आधीच येऊन उभे होते. त्यांनी खिशातून दात तपासायचं भिंग काढलं आणि नाण्यावर ओणवे झाले. बराच वेळ ते वर आले नाहीत. होनोरातोने आयुष्यात पुष्कळ उत्तरपत्रिकांचे निकाल लावले होते, पण स्वतःच्या निकालाची एवढी वाट कधी पाहिली नव्हती.

डॉक्टर सरळ झाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण माणूस संग्राहक होता, आणि डोळे पाणावले होते.

"अस्सल," ते म्हणाले. "सर, मी हा फक्त छायाचित्रात पाहिला होता." आणि त्यांनी हॅट काढली.

"माझ्या बापाचा आहे," तिया म्हणाली. "तुम्ही कोण?"

"मी डॉक्टर ओदियामार. दातांचा."

"मला दात नाहीत," तिया म्हणाली, आणि तो परिचय तिथे संपला. बाहेर मिरवणूक निघायची वेळ झाली होती. तियाने पंखा मिटला. "होनोर, मला पुढे जायचंय. अगदी पुढे, बँडच्या मागे."

"पण तिया, पेटीपाशी कुणीतरी..."

"हे आहेत ना. डॉक्टर, लक्ष ठेवा हो."

आणि डॉक्टर ओदियामार "हो" म्हणून गेले.

होनोरातो मिरवणुकीत बँडच्या मागे, पाद्रीबाबांच्या पुढे चालला. कापितानांनी वाट करून दिली. मिस ओर्बेने खिडकीतून फुलं टाकली. कुंपणावरचे विद्यार्थी रस्त्याकडेला उभे होते, त्यांतल्या एकाने "सर!" अशी हाक मारली आणि तो टाळ्या वाजवत राहिला. तिया मध्येच थांबून भाजलेल्या कणसाचा भाव करी आणि सगळी मिरवणूक तिच्यासाठी खोळंबे.

तासाभराने होनोरातो परतला, तर नगरभवनात रांग दारापर्यंत आली होती. आत डॉक्टरांचा आवाज चढला होता. "हात लावू नका, बाई! काच आहे म्हणून काय झालं? अहो, सगळा माल आटवला सरकारने, सगळा! जगात मोजके उरले, त्यांतला हा एक. कुणी शोधला? आमच्या ओपियाना सरांनी. खड्ड्यात उडी मारली त्यांनी, पँटीची पर्वा केली नाही!"

पुढे उभ्या असलेल्या माणसाने होनोरातोला ओळखलं आणि बाजूला होऊन वाट दिली. होनोरातोने मान हलवली. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि आपली पाळी येईपर्यंत त्याने डॉक्टरांचं ते व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत चार वेळा ऐकलं.